पोकेमॉनमधल्या जोड्या आणि आपल्या वावरातल्या जोड्या

मा. संपादक साहेब,
सनविवि.

मागे आपल्या पत्रांच्या पानावर एका वाचकांनी लिहिलं होतं की मोबाईलवरच्या गेममधले ते चित्रविचित्र प्राणी बघून पोरांच्या डोक्यात नुसता भुसा भरला जातोय आणि खऱ्या निसर्गाची ओळखच राहिली नाही. पोरं मोबाईलवर किती वेळ बसतात याबद्दल त्यांचं म्हणणं मला पूर्ण मान्य आहे, त्यात वाद नाही. पण भुसा हा शब्द मला पटला नाही म्हणून सविस्तर लिहितेय. मी चोपडा तालुक्यात ज्युनियर कॉलेजला बायोलॉजी शिकवते, घरी कपाशी आहे, केळी आहे, आणि वर्गात सहजीवन आणि सहउत्क्रांती हे दोन विषय आले की मी पुस्तक बाजूला ठेवून पोकेमॉनपासूनच, म्हणजे कल्पनेतले प्राणी पकडून, वाढवून एकमेकांशी लढवायच्या त्या गेमपासूनच, सुरुवात करते, कारण कुठलाही जीव एकटा घडत नाही, तो त्याच्या सोबत्यासोबत नाहीतर दुश्मनासोबत घडत जातो, ही गोष्ट या पोरांना गेममुळे आधीच अर्धी माहीत असते. उरलेली अर्धी आपल्या वावरात आहे, पण ती दाखवायचं काम मोठ्यांचं आहे आणि ते आपण करत नाही.

पोकेमॉन १९९६ साली जपानमध्ये आला. तो ज्यांनी काढला ते सातोशी ताजिरी लहानपणी किडे गोळा करायचे, टोकियोच्या कडेला जिथं तेव्हा शेतं नि तळी होती तिथं, आणि किडे पकडायची ती मजा शहरातल्या पोरांना मिळावी म्हणून त्यांनी हा गेम काढला. म्हणजे मुळातच हे किडे बघणाऱ्या माणसाचं काम आहे. आज त्यात १००० पेक्षा जास्त प्राणी आहेत आणि त्यातले बरेचसे कुठल्या ना कुठल्या खऱ्या जिवावरून घेतलेले आहेत.

पहिली जोडी घ्या, झँगूस आणि सेव्हायपर. एक मुंगसासारखा, एक सापासारखा, दोघांचं पिढ्यानपिढ्यांचं वैर. साप शेपटीचं पातं दगडावर घासून धार लावतो, आणि मुंगसाला विष बाधत नाही असा गुणच गेमनं त्याला दिलाय. हे वाचून कोणी म्हणेल की काय कल्पना लढवलीय. पण तापीकाठच्या कोणत्याही गावात मुंगूस आणि नागाची झटापट पाहिलेली माणसं आहेत, आणि मुंगसाच्या अंगात जे आहे ते गेमपेक्षा भारी आहे. नागाचं विष आपल्या शरीरात गेलं की ते स्नायूंवरच्या एका ठरावीक जागी जाऊन बसतं, जिथं मज्जातंतूचा निरोप यायचा असतो, त्यामुळे निरोप पोचत नाही, श्वासाचे स्नायू थांबतात आणि माणूस जातो. मुंगसाच्या त्या जागेची ठेवणच थोडी बदललेली आहे, विषाला तिथं नीट धरता येत नाही. गंमत म्हणजे नागाच्या स्वतःच्या अंगातही ती जागा बदललेली असते, नाहीतर स्वतःच्याच विषानं तो मेला असता. जास्त विष गेलं तर मुंगूसही मरतो, तो काही अमर नाही, त्याची खरी ढाल चपळाई आणि फुगवलेले केस. पण शिकारीच्या अंगात रेणूच्या पातळीवर बदल होतो ही गोष्ट पोरांना इथं कळते.

यावर वर्गात हुशार पोरं विचारतात की मॅडम, मग नागही मुंगसासाठी बदलला का. प्रश्न बरोबर आहे, कारण सहउत्क्रांती म्हणायला दोन्ही बाजू एकमेकांमुळे बदललेल्या लागतात आणि नागाचं विष हे मुख्यतः बेडूक-उंदरांसाठी आहे. दोन्ही बाजूंचा पक्का पुरावा पाहिजे तर अमेरिकेच्या पश्चिम भागातलं उदाहरण देते, तिथं एक पाणसरड्यासारखा उभयचर आहे त्याच्या कातडीत इतकं जहर असतं की माणूस दगावू शकतो, आणि त्याला खाणारा एक गार्टर साप आहे. ज्या भागात तो प्राणी जास्त जहरी तिथला साप जास्त दणकट, जिथं कमी जहरी तिथला साप साधा. एकानं पाऊल टाकलं की दुसरा टाकतो.

आता पारास. हा खेकड्यासारखा नाकतोड्यासारखा किडा, पाठीवर दोन आळंब्या घेऊन फिरतो. तो पुढच्या रूपात गेला की पारासेक्ट होतो, तेव्हा पाठीवर एकच मोठी छत्री असते आणि किड्याचे डोळे पांढरे पडलेले असतात, कारण आता चालवणारी बुरशी आहे, किडा फक्त अंग आहे. माझ्या भाच्यानं हे चित्र आमच्या सासूबाईंना दाखवलं तर त्या म्हणाल्या, "हाई किडा शे का आळंबी शे?" हा प्रश्न फार मोठा आहे हो. शास्त्रज्ञही हाच प्रश्न विचारत बसलेत. उत्तराखंडात हिमालयाच्या उंच कुरणात कीडाजडी मिळते, जमिनीतल्या अळीच्या अंगात बुरशी शिरते, अळीला आतून संपवते आणि तिच्या डोक्यातून काडीसारखी वर येते, लोक ती खणून औषध म्हणून सोन्याच्या भावानं विकतात. पोकेमॉनमधल्या त्या आळंबीचं नावही याच बुरशीच्या जपानी नावावरून आहे. तिची एक चुलत बहीण जंगलातल्या मुंग्यांना धरते, मुंगी वारूळ सोडून भरकटते, एखाद्या रोपावर चढते, पानाच्या शिरेला जबडा गच्च रुतवते आणि तिथंच मरते, मग डोक्यातून बुरशीचा दांडा निघतो आणि खालून जाणाऱ्या बाकीच्या मुंग्यांवर बीजाणू पडतात. ती बुरशी मुंगीच्या मेंदूत शिरत नाही, स्नायूंभोवती जाळं विणते, असं अलीकडच्या संशोधनात दिसलंय. हे सगळं ऐकताना मागच्या बाकावरची पोरंही मान वर करून बघतात, आणि मग परजीवी या शब्दाची व्याख्या मला लिहून द्यावी लागत नाही.

एक गोष्ट मात्र मी वर्गात ठासून सांगते, की गेममध्ये एकच प्राणी लेव्हल वाढली की क्षणात दुसरा होतो, तसं उत्क्रांतीत होत नाही. ते अळीचं फुलपाखरू होण्यासारखं आहे, एकाच जिवाच्या आयुष्यातलं रूप बदलणं. उत्क्रांतीत कोणताही एक जीव बदलत नाही, पिढी बदलते, ज्यांना जमलं त्यांची पिल्लं जास्त उरतात आणि बाकीच्यांची कमी. एवढी एक दुरुस्ती केली की गेम बिनधास्त वापरता येतो.

आणि गेमवाल्यांनी एका ठिकाणी फार अक्कल वापरलीय. कॅराब्लास्ट नावाचा भुंगा आणि शेल्मेट नावाची शंखातली गोगलगाय, हे दोघं कितीही लढवा, कितीही लेव्हल वाढवा, एकटे असताना बदलतच नाहीत. दोन खेळाडूंनी एकमेकांशी या दोघांचीच अदलाबदल केली तरच बदलतात. मग भुंगा शेल्मेटचा शंख चिलखतासारखा चढवून शूर शिपाई होतो आणि शंख गेलेली गोगलगाय हलकी होऊन वाऱ्यासारखी पळते. पोरांना यातून जे कळतं ते पाठ्यपुस्तकातल्या चार ओळींनी कळत नाही, की एकाचा बदल दुसऱ्यात अडकलेला आहे. जपानात खरोखरचे गोगलगाय खाणारे भुंगे आहेत, काहींचं डोकं लांब बारीक, शंखात आत घालायला, काहींचं डोकं जाड आणि जबडा मजबूत, शंख बाहेरून फोडायला. दोन्ही एकाच भुंग्याला जमत नाही, जे एकात चांगलं ते दुसऱ्यात कमजोर.

तसाच स्लोपोक. नदीकाठी शेपटी पाण्यात सोडून बसणारा मठ्ठ प्राणी, त्याच्या शेपटीला शेल्डर नावाचा शिंपला चावतो आणि सोडतच नाही, मग दोघं मिळून स्लोब्रो होतात. शिंपल्याला उरलेलं खायला मिळतं, याला दोन पायांवर उभं राहता येतं, आणि शिंपला निघून गेला की परत स्लोपोक. दोघांचा फायदा.

हा दोघांचा फायदा पाहायला लांब जायची गरज नाही. तुरीचं नाहीतर भुईमुगाचं एक रोप पावसानं जमीन मऊ झाल्यावर मुळासकट हळूच उपटा, ओढू नका, विळ्यानं बाजूची माती मोकळी करून काढा. मुळाला बाजरीच्या दाण्याएवढ्या, कधी ज्वारीएवढ्या गाठी दिसतील. त्यातली एक गाठ ब्लेडनं कापा. आत गुलाबी लाल रंग दिसला तर गाठ कामाला लागलेली आहे, हिरवट करडी निघाली तर ती गाठ आळशी नाहीतर म्हातारी. तो लाल रंग आपल्या रक्तातल्या हिमोग्लोबिनच्या भावकीतला आहे, लेगहिमोग्लोबिन, गाठीतला ऑक्सिजन आवरून धरायचं काम करतो कारण नत्र बांधणाऱ्या यंत्रणेला मोकळा ऑक्सिजन चालत नाही. आत रायझोबियम जिवाणू आहेत. झाड त्यांना साखर देतं, ते हवेतला नत्र पकडून झाडाला देतात. हे जुळतं कसं ते तर ऐकण्यासारखं आहे, आधी मूळ एक रसायन सोडतं, ते ओळखणारा जिवाणू उलट दुसरं रसायन सोडतो, मुळाचा केस वळतो, त्याला आत घेतो आणि गाठ तयार होते. दुसऱ्याच पिकाचा जिवाणू आला तर बहुतेक वेळा बोलणी फिसकटतात. म्हणून तर कृषी केंद्रात तुरीचं पाकीट वेगळं, हरभऱ्याचं वेगळं, सोयाबीनचं वेगळं असतं, आणि १० किलो बियाण्याला २५० ग्रॅमचं पाकीट गुळाच्या पाण्यात कालवून चोळायचं असतं. आणि फुकट खाणारेही असतात, साखर घेऊन नत्र न देणारे. सोयाबीनवर प्रयोग झालेत, ज्या गाठीतून नत्र येत नाही तिथला पुरवठा झाड कमी करतं. माझ्या वर्गातल्या पोरांनी ही गाठ स्वतः कापून बघितलीय आणि त्यानंतर त्यांच्यातल्या काहींनी घरी जाऊन बापाला बीजप्रक्रिया करायला लावली, हे मला कुठल्याही निकालापेक्षा मोठं वाटतं.

उंबराबद्दल लिहिल्याशिवाय मात्र मला पुढं जाता येत नाही. दत्ताच्या देवळाजवळ, विहिरीच्या काठाला, नाल्याला, आपल्याकडे उंबर कुठं नाही. कोणी बरेच दिवसांनी घरी आलं की उंबराचं फूल झालात म्हणतो आपण, कारण उंबराचं फूल कोणाला दिसत नाही. ते दिसत नाही कारण ते आत आहे. ज्याला आपण फळ म्हणतो तो बंद पिशवीसारखा फुलोरा आहे, आतल्या अंगाला शेकडो बारीक फुलं, आणि टोकाला एक भोक, तेही खवल्यांनी बंद केलेलं. त्या भोकातून एक चिलटाएवढी गांधीलमाशी आत घुसते. घुसताना तिचे पंख मोडतात, परत बाहेर यायचं नसतंच. अंगावरच्या खिशांत तिनं आधीच्या उंबरातला पराग भरून आणलेला असतो, तो ती या फुलांवर स्वतः झाडून टाकते, काही फुलांत अंडी घालते आणि आतच मरते. अंडी घातलेल्या फुलांत पिल्लं वाढतात, बाकीच्या फुलांचं बी होतं. पुढे आधी नर निघतात, त्यांना पंखच नाहीत, डोळेही जेमतेम, ते आतल्या आतच माद्यांशी जुगतात, मग सगळे मिळून फळाला बोगदा पाडतात आणि मरतात. माद्या पराग भरून घेऊन त्या बोगद्यातून उडतात. पिकायला आलेलं उंबर सकाळी तोडून हातावर अलगद दोन फाकी केलीत तर काळ्या चिलटांचा थवा तुमच्या तळहातावर येईल, त्यातल्या माद्या तुम्ही बघेपर्यंत उडून जातील आणि पिवळट, वाकडे, बिनपंखी नर तिथंच वळवळत राहतील. पोरांना हे दाखवलं ना की एकदम गप्प होतात.

वड, पिंपळ, उंबर, पायर, साधारणपणे प्रत्येकाची माशी वेगळी. ही भागीदारी कोट्यवधी वर्षं जुनी आहे. उंबर गेला तर ती माशी गेली, ती माशी गेली तर उंबराला बी नाही, मग हरियल, वटवाघळं, माकडं, कोल्हे सगळ्यांचा उन्हाळ्यातला शिधा गेला. यात लबाडही आहेत, काही माश्या बाहेरूनच लांब सुईसारखी नळी फळात खुपसून अंडी घालतात, पराग-बिराग काही आणत नाहीत, आणि त्या लबाडांना उंबरावरच्या मुंग्या पकडून खातात. एका झाडावर एवढं सगळं चाललेलं असतं आणि रस्ता रुंद करताना आपण तो उंबर अर्ध्या तासात आडवा करतो.

आता कपाशीकडे येते, कारण खरं पत्र मी यासाठीच लिहायला घेतलं. ऑनलाईन गेम खेळणाऱ्या पोरांना एक गोष्ट अनुभवानं माहीत असते. एखादी टीम फार जिंकायला लागली की सगळेच तीच टीम घेऊन खेळतात, आणि सगळे तीच खेळायला लागले की समोरचे तिचाच तोड काढतात, मग ती टीम पडते. पोरांना हे कोणी शिकवावं लागत नाही. आपल्या खान्देशात, विदर्भात, गुजरातेत बीटी कपाशीचं नेमकं हेच झालं.

२००२ साली बीटी कपाशीला परवानगी मिळाली, तेव्हा तिच्यात बीटी (बॅसिलस थुरिंजिएन्सिस) नावाच्या जिवाणूतलं एक जनुक होतं ज्याचं प्रथिन अळीनं खाल्लं की तिचं आतडं फुटतं. २००६ ला दोन जनुकांची आली, ज्याला आपण बीजी-टू म्हणतो. सुरुवातीची वर्षं फवारण्या कमी झाल्या, माणसं खूश, आणि बघता बघता शिवारात दुसरी कपाशीच राहिली नाही. आता हिरवी बोंडअळी बघा, ती तुरीवर जगते, हरभऱ्यावर जगते, टोमॅटोवर जगते, म्हणजे तिच्यातल्या बऱ्याच अळ्यांना बीटी कधी भेटतच नाही आणि बीटीनं मरणाऱ्या साध्या अळ्या शिल्लक राहतात. गुलाबी बोंडअळीचं तसं नाही, ती आपल्याकडे जवळजवळ फक्त कपाशीवरच जगते. म्हणजे तिची सगळीच्या सगळी प्रजा बीटीच्या तोंडी दिली आपण. लाखात एखादी जी वाचायची तिची पिल्लं उरली, मग त्यांची पिल्लं. २०१० साली गुजरातेतल्या काही जिल्ह्यांत पहिल्या जनुकाला न जुमानणारी गुलाबी अळी सापडल्याचं जाहीर झालं आणि २०१७ च्या हंगामात आपल्या महाराष्ट्रात बीजी-टूसुद्धा तिच्यासमोर पडली. ते वर्ष कोणी विसरलं नसेल. फुलाच्या पाकळ्या आतून चिकटून गुलाबाच्या कळीसारखी डोमकळी होते, ती दिसली की समजायचं अळी आत आहे. बाकी बोंड बाहेरून एकदम चांगलं दिसतं कारण अळी अगदी बारीक असताना आत शिरते आणि तिनं पाडलेलं भोक बुजून जातं. मग फवारा कशावर मारायचा. बोंड फुटतं तेव्हा कळतं, आत कवडी कापूस, पिवळा पडलेला, सरकी खाल्लेली.

याच्यावरचा उपाय बियाण्याच्या पिशवीतच होता. ४५० ग्रॅम बीटीच्या पाकिटासोबत १२० ग्रॅमचं बिगर बीटी बियाण्याचं छोटं पाकीट यायचं, ज्याला आपल्याकडे लोक रेफ्युजी म्हणायचे. ते कडेनं लावायचं होतं. कारण असं की बीटीला न जुमानायचा गुण बहुतेक करून मागे दबणारा असतो, दोन्ही आईबापांकडून आला तरच पिल्लू बीटी पचवतं. कडेच्या साध्या कपाशीवर साधे पतंग भरपूर तयार झाले, आणि बीटीतून वाचलेल्या एकट्यादुकट्या पतंगाचा जोडा त्यांच्याशी जमला, तर पिल्लं परत बीटीनं मरणारी होतात. म्हणजे थोडं पीक अळीला मुद्दाम द्यायचं, म्हणजे बाकीचं वाचतं. अळीच्या उत्क्रांतीचा वेग आपण अळीला खायला घालून कमी करायचा. इतकी हुशारीची कल्पना होती, पण आपल्या लोकांना ती कोणी अशी समजावून सांगितलीच नाही, पाकिटावर बारीक अक्षरात सूचना छापून मोकळे झाले. शेतकऱ्याला वाटलं की अळीनं खाण्यासाठी जागा कशाला वाया घालवायची, आणि पाकिटं बांधावर नाहीतर उकिरड्यावर गेली. मी यात शेतकऱ्याला दोष देणार नाही, ज्याला अळी कशी बदलते हेच कधी शिकवलं नाही त्यानं तो निर्णय घेतला, आणि त्याच्या जागी कोणीही तोच घेतला असता.

त्यात फरदड. पाणी असलं की जानेवारी-फेब्रुवारीपर्यंत कपाशी उभी ठेवायची, थोडा आणखी कापूस निघतो. पण त्या महिन्यांत अळीला खायला मिळतं आणि सरकीत, पराट्यात, जिनिंगच्या आवारात पडलेल्या मालात ती झोपून राहते ती थेट पुढच्या हंगामात उठते. डिसेंबरात कपाशी काढली तर तिची साखळी तुटते. अमेरिकेत हीच गुलाबी बोंडअळी होती, तिथं बीटी कपाशी, मादीच्या वासानं नर पतंगांना ओढणारे कामगंध सापळे, नापीक केलेले पतंग सोडणं, कपाशी वेळेवर काढणं, आणि सुरुवातीची बरीच वर्षं बिगर बीटीचा पट्टा कडक पाळणं असं सगळं एकत्र केलं आणि २०१८ साली तिथल्या मुख्य भूमीवरून ती संपल्याचं त्यांनी जाहीर केलं. तीच अळी, तेच जनुक. फरक एवढाच की त्यांनी समोरचा बदलणार हे गृहीत धरून डाव मांडला आणि आपण समोरचा जिथल्या तिथं राहील असं समजून पेरत राहिलो.

केळीचं दुखणं याच्या बरोबर उलट आहे. आपल्या जळगावच्या केळीला बी नाही, ती कंदापासून नाहीतर टिश्यूकल्चरच्या रोपापासून येते, म्हणजे रावेर-यावलपासून चोपड्यापर्यंत उभी असलेली लाखो खोडं ही जवळपास एकच झाड आहे. रानकेळीचं तसं नसतं, तिला बी असतं, वटवाघळं तिच्या फुलांवर येतात, पिढीगणिक जनुकांचे पत्ते पिसले जातात. आपली केळी पत्ते पिसतच नाही आणि समोरचे रोग मात्र रोज पिसतायत. जगात १९५० च्या दशकापर्यंत ग्रो मिशेल नावाची केळी चालायची, मातीतल्या बुरशीच्या मर रोगानं तिच्या बागाच्या बागा बसवल्या आणि व्यापाराला कॅव्हेंडिश गटाची केळी घ्यावी लागली, आपली ग्रँड नैन त्याच गटातली. त्या बुरशीचा एक नवा प्रकार आता कॅव्हेंडिशलाही धरतो. करपा असो, कुकुंबर मोझॅकचा व्हायरस असो, एका खोडाला जमलं की सगळ्यांना जमलं. माझ्या मते केळीच्या पट्ट्यात प्रत्येक शाळेत हे शिकवलं पाहिजे, ज्या पोराचा बाप केळीवर कर्ज काढतो त्याला आपलं पीक उत्क्रांतीत थांबलेलं आहे हे दहावीच्या आत कळायला पाहिजे.

अजून कितीतरी जोड्या आहेत, सगळ्या लिहीत नाही. कोकिळा कावळ्याच्या घरट्यात अंडं घालते ते कावळ्याच्या अंड्यासारखंच ठिपक्यांचं असतं. पावशा सातभाईच्या घरट्यात अंडं घालतो, सातभाईचं अंडं निळं म्हणून पावशाचंही निळं. गेममधला कोर्सोला हा गुलाबी पोवळ्याचा प्राणी, २०१९ च्या गेममध्ये तो पांढरा पडलेला भूत बनून आला, हवामान बदलल्यानं मेलेला असं त्याचं वर्णन आहे, आणि खऱ्या पोवळ्याचंही तेच होतं, त्याच्या अंगात राहणारं शेवाळ समुद्र तापला की त्याला सोडून जातं आणि पोवळं पांढरं पडून उपाशी मरतं. लक्षद्वीपला १९९८, २०१० आणि २०१६ ला हे झालंय. आमच्या पोरांनी समुद्र पाहिलेला नाही, पण कोर्सोला पांढरा का झाला हे ती नीट सांगतात.

म्हणून संपादक साहेब, दोन विनंत्या आहेत. आपल्या रविवारच्या मुलांच्या पानावर दर आठवड्याला एक गेममधली जोडी आणि तिच्या शेजारी आपल्या भागातली एक खरी जोडी छापा, चित्रासकट, आणि पोरांना ती खरी जोडी शोधून लिहून पाठवायला सांगा. उंबर, तुरीची गाठ, सातभाई, कपाशीच्या पानाच्या मागच्या शिरेवरची गोड थेंबाची ग्रंथी आणि तिच्यावर येणाऱ्या मुंग्या, मावा राखणाऱ्या मुंग्या, एवढ्यावरच तुमचे सहा महिने निघतील. मजकूर लागला तर मी आणि आमच्या कॉलेजची पोरं लिहून देऊ, मानधन नको.

दुसरी विनंती शेतीच्या पानाबद्दल. मे महिन्यात बियाणं घ्यायची गर्दी सुरू व्हायच्या आत बिगर बीटी बियाणं कशासाठी असतं आणि फरदड का नको, हे मोठ्या अक्षरात, अळीच्या पिढ्यांच्या चित्रासकट, अहिराणीत छापा. शक्य असेल तर त्या पानावर गेमचंच उदाहरण द्या, म्हणजे घरातलं पोरगं ते बापाला वाचून दाखवेल आणि समजावूनही सांगेल. आता बऱ्याच पिशव्यांत बिगर बीटी बी आधीच मिसळून येतं, तेही लोकांना सांगा, नाहीतर वेगळी दिसणारी रोपं भेसळ समजून उपटून टाकतील. त्या पानाच्या जास्तीच्या प्रती काढल्यात तर आमच्या तालुक्यातल्या कृषी केंद्रांवर आणि बाजाराच्या दिवशी वाटायची जबाबदारी आमची.

आपली,
एक वाचक आणि शिक्षिका
ता. चोपडा, जि. जळगाव